उशाजवळचा डबा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर
शनिवार, २६ एप्रिल २०२५

चि. लेक शिवलीला हिला अव्वाचे भरभरून आशीर्वाद.

शिवू, पत्र बघून दचकू नकोस. मी बरी आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर आपण दोघी हल्ली बोलत नाही, तू माझी हजेरी घेतेस. वजन किती, पायाला सूज आहे का, पाणी मोजून प्यालीस का, जेवणात मीठ किती. उभा जन्म मी शाळेत पोरांची हजेरी घेतली, त्याचा सूड देवाने तुझ्या हातून उगवला. तेव्हा या पत्रात वजन नाही. कागदावर लिहीन, फोटो काढून पाठवीन, तू तिकडे हॅम्बर्गला मोठं करून वाच. अक्षर थोडं थरथरलंय, पण अजून वाचवतं.

तुझा प्रश्न मी विसरलेली नाही. छातीतल्या मशीनची बॅटरी संपत आली आहे, पुण्याच्या हॉस्पिटलने मे महिन्यातली तारीख दिली आहे, आणि जुन्याच्या जागी तसंच नवं बसवायला तुला माझा होकार हवा आहे. ‘अव्वा, तू फक्त हो म्हण, बाकीचं मी बघते.’ कळलं. त्याच्यावर येते. आधी इकडचं ऐक.

ऊन नेहमीसारखंच आहे, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त. दुपारी विजापूर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. शेजारच्या सिद्धम्माने कुरडया घातल्या. गव्हाचा चीक घोटायला मला कुणी हात लावू देत नाही, म्हणून मी आपली जिन्याच्या सावलीत बसून कावळे हाकते. हे कामही वाईट नाही. कुरडई अर्धी वाळली की चोरून खायला सगळ्यात चांगली लागते. खाल्ली नाही. नुसती हातात धरून वास घेतला. तू विश्वास ठेवणार नाहीस, पण डब्याला विचार.

डब्याचं सांगायचंच होतं. तो उशाजवळचा पांढरा डबा, झोपेत माझ्या छातीतल्या मशीनला सगळं विचारून घेतो आणि पुण्याला कळवतो. ठोके कसे पडले, छातीत पाणी साठतंय का, दिवसभर किती हिंडले-फिरले. एवढा चुगलखोर तर आमच्या शाळेतला मॉनिटरही नव्हता. गेल्या उन्हाळ्यात शेंगाचटणी दोन बोटं जास्त खाल्ली, तर चार दिवसांनी पुण्याच्या महानंदा सिस्टरचा फोन, ‘आजी, काही खारट झालं का?’ मला तर बाई लाज वाटली, चोरी पकडल्यासारखी.

तर या डब्याचा आणि माझा थोडा घोटाळा झाला. खाली खोलीत पंखा नुसता गरम वारा फिरवतो. कूलरने छाती घरघरते. मग मी गादी गच्चीवर नेली. सोलापुरात उन्हाळ्यात सगळेच गच्चीवर झोपतात, तूही लग्न होईपर्यंत झोपलीसच की. मी वर, डबा खाली खोलीत. त्याचा हात तेवढा लांब पोचत नाही, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पुण्याला वाटलं म्हातारी घर सोडून गेली. त्यांनी तुला कळवलं, तू सिद्धम्माला फोन केलास, आणि सकाळी मी डोळे उघडले तर ती माझ्या नाकापुढे बोट धरून बसलेली.

‘टीचर, जीव खाल्ला की ओ माझा! लेकीचा फोन आला, म्हनली अव्वा हाय का बघा. हाय का म्हंजे काय ओ? मी पोळपाट टाकून तशीच पळाले, पायात चप्पल बी न्हाई!’

तिच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या नाकाला लागलं. मी शिंकले, मग तिचा जीव भांड्यात पडला. नंतर महानंदा सिस्टरचा फोन. ‘आजी, तुम्ही कुठं गेला होता?’ मी म्हटलं, वर. तिकडून, ‘वर म्हणजे?’ मग म्हटलं, अगं गच्चीवर. हसायला लागली बिचारी.

तू मात्र हसली नाहीस. तू म्हणालीस, उद्यापासून खाली झोप.

शिवू, वरचं झोपणं कसं असतं ते तू विसरली असशील. दिवेलागणीनंतर दगडी भिंतींचा उबारा हळूहळू उतरतो. मागच्या गल्लीत विणकरांच्या घरी तेलुगूत भांडण चाललेलं असतं. पलीकडच्या गच्चीवर खालाजान नातीला दख्खनीत काहीतरी लांबलचक सांगत असते. सिद्धम्मा मोबाईलवर शिवशरणांची वचनं लावते, कानडी. डोळा लागता लागता या सगळ्या भाषा एकमेकींत मिसळतात, आणि मला सगळ्यातलं सगळं कळायला लागतं. तेलुगूसुद्धा! ते भांडण कशावरून आहे, कोणाचं बरोबर आहे, सगळं. सकाळी त्यातला एक शब्द आठवत नाही.

खाली मला स्वप्नं पडायची बंद झाली होती. वर पुन्हा पडायला लागली. परवा बघितलं, सिद्धेश्वराच्या तळ्यात पाणीच नव्हतं, काठोकाठ ज्वारी उभी होती, आणि तू त्या ज्वारीतून पोहत माझ्याकडे येत होतीस. परकर घालून. अगदी कोरडी. मी तुला कानडीत ओरडत होते, ‘बा, बा’, ये, ये म्हणून. स्वप्नात मी कानडीतच असते, मराठी बहुतेक शाळेपुरतीच शिकले मी.

बुधवारी बसव जयंती. त्या दिवशी फोन कर, पण संध्याकाळी कर.

कागद संपत आला. मशीनचं पुढच्या पत्रात लिहिते. जेवत जा. जावयांना आशीर्वाद.

तुझी अव्वा


सोलापूर
गुरुवार, १ मे २०२५

चि. शिवू,

काल तू फोनवर रागावलीस. ‘दोन पानं लिहिलीस आणि एका प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस, अव्वा. आमच्या पेपरात असं केलं असतं तर शून्य दिलं असतंस.’ बरोबर आहे. शून्यच.

पहिल्यांदा डब्याचं सांगते, म्हणजे तुझा अर्धा जीव भांड्यात पडेल. परवा सिद्धम्माने माझ्या घोट्यावर बोट दाबलं. बोट काढलं तरी खड्डा तसाच. ‘कनिक मळली हाय का काय ओ टीचर, बोट रुतलं की पायात!’ चार पायऱ्या चढताना मधेच थांबावं लागत होतं, ते मी उन्हावर ढकलत होते. तुझं न ऐकता मी वरच झोपत होते आणि डबा खालीच होता, माझ्याजवळ असता तर त्याने आधीच सांगितलं असतं. चूक माझी, त्याची नाही. महानंदा सिस्टरला मीच फोन केला, डॉक्टरांनी पाण्याची गोळी वाढवली, सूज उतरतेय. आणि आता डबा माझ्याबरोबर गच्चीवर असतो. जिन्यातून लांबच लांब वायर ओढली आहे, उशाशी स्टूल, स्टुलावर डबा, धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर सिद्धम्माची धुतलेली पिशवी. वर रेंजपण चांगली येते म्हणे. चांदण्यात त्याचा हिरवा दिवा लुकलुकतो. माझं त्याच्याशी काही भांडण नाही, हे मला तुला आधी सांगायचं होतं.

भांडण दुसऱ्याशी आहे.

मी गादी वर नेली ती उकाड्यामुळेच. पण उकाडा नव्हता तेव्हापासून मला खालची ती खोली नको झाली होती. संक्रांतीनंतर जे झालं तेव्हापासून. त्याबद्दल तू मला कितीदा विचारलंस, आणि मी दर वेळी ‘चक्कर आली होती गं’ एवढंच म्हणाले. खरं काय झालं ते लिहिते. फोनवर मला जमलं नसतं. तू रडायला लागली असतीस आणि मग मी तुझी समजूत काढत बसले असते.

संध्याकाळची वेळ. मी आणि सिद्धम्मा गच्चीवरच्या वाळत घातलेल्या मिरच्या गोळा करत होतो. वाकले, आणि कानात एकदम शांत झालं. दुखलं वगैरे काही नाही. पायाखालची गच्ची मऊ झाली. नंतर मी कडब्याच्या गाडीत होते, उंच, पेंढ्यांवर पाठ टेकून. अक्कलकोटकडचा आमचा रस्ता. मी सहा-सात वर्षांची असेन. एक चप्पल कुठंतरी पडली होती आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं, यावरूनच कळतं की ते स्वप्न होतं, आमची अव्वा चपलेसाठी मारायची. कुणी मला बोलावत नव्हतं. कुणी हात केला नाही, देव नाही, उजेड नाही. तुझे अप्पाही नव्हते, ते तिथंही उशिराच येणार. नुसती गाडी चालली होती, कडब्याचा वास, आणि वर आभाळ जवळ आलेलं, हात लावला तर लागेल एवढं. कुठं जायचं हे मी विचारलंही नाही. एवढं सुख मला जागेपणी कधी झालेलं आठवत नाही, शिवू. तू झालीस तेव्हाही नाही, कारण तेव्हा कळा होत्या.

आणि मग लाथ बसली.

डॉक्टर त्याला झटका म्हणतात. तू फोनवर ‘शॉक’ म्हणतेस. मला बैलाने आतून लाथ मारली, छातीच्या आतून. डोळे उघडले तर सिद्धम्मा किंचाळतेय, सगळीकडे मिरच्या. आणि मी पुरती शुद्धीवर येतेय तोवर दुसरी. आणि तिसरी. शेवटच्या दोन मी जागेपणी खाल्ल्या. माझ्या तोंडून ‘साकु, साकु’ निघत होतं. पुरे, पुरे. सिद्धम्माला वाटलं मी तिला म्हणतेय, म्हणून तिने हात काढून घेतले आणि लांब जाऊन रडत बसली.

त्या वेळी मला काय वाटलं असेल? तू सांगशील, वाचले म्हणून देवाचे आभार मानले असतील. मी चिडले होते, शिवू. भयंकर चिडले होते. कुणीतरी मला गाडीतून दंड धरून खाली ओढलं होतं.

त्या दिवशी खाली आले, तुला सांगायचं नाही असं ठरवलं, आणि निजले. पण डब्याने निजल्या निजल्या सगळं पुण्याला सांगून टाकलं. सकाळी तुझा फोन आला. तू रडत होतीस, हसत होतीस. ‘अव्वा, मशीनने तुला वाचवलं! मशीनने वाचवलं तुला!’ असं पुन्हा पुन्हा. एवढी आनंदात मी तुला कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. त्या आनंदात मी काय सांगणार होते? ‘हो गं’ म्हटलं.

मला माहीत आहे हे मशीन तुला का हवं होतं. अप्पा गेले तेव्हा तू विमानात होतीस. उतरून फोन लावलास आणि कुणी उचलला नाही. त्यानंतर माझं हृदय थकलंय असं निघालं, तेव्हा तू डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारलास, की मला तिकडे बसून कळेल का. माझ्या छातीत बसवलं ते मशीन, पण औषध ते तुझंही होतं. याचा मला कधी राग आला नाही. खरंच नाही.

पण संक्रांतीपासून मी भीत भीत जगतेय. शिंक आली तरी अंग आखडतं. सकाळी पूजेला तळहातावर इष्टलिंग घेऊन बसते, तर नजर लिंगावर आणि मन डाव्या खांद्याखाली. एवढ्या वर्षांत पूजेत असं कधी झालं नव्हतं. मला मरणाची भीती वाटत नाही, त्या लाथेची वाटते. गच्चीवर निजले की आभाळ त्या गाडीतल्यासारखं जवळ येतं आणि ती भीती जरा निवते, एवढंच काय ते गच्चीचं गुपित.

मागच्या आठवड्यात मी एकटी इथल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. तुला सांगितलं नाही. मी त्यांना विचारलं, नवं बसवताना लाथ न मारणारं मिळत नाही का? मला वाटलं हसतील. हसले नाहीत, खुर्ची पुढे घेतली. म्हणाले, ‘काकू, तुमचं मशीन दोन कामं करतं. एक, हृदयाच्या दोन्ही बाजू बरोबरीने चालवतं. त्याच्यामुळेच तुम्ही जिना चढता. दुसरं, ठोके पार बिघडले तर झटका देतं. नुसतं पहिलं काम करणारं मशीनही असतं. तेही तसंच पुण्याला कळवतं.’ मग म्हणाले, ‘पण समजून घ्या. संक्रांतीनंतर तुमच्या छातीत ते नुसतं चालवणारं मशीन असतं, तर तुम्ही आज इथं नसता.’

मी म्हटलं, समजलं. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘खरंच समजलं?’ मी म्हटलं, मी शिक्षिका होते, समजल्याशिवाय मान हलवणारी पोरं मला ओळखू येतात. तेव्हा हसले. म्हणाले, औषधं वाढवून झटके कमी करता येतील, तो एक मार्ग आहे, पण खात्री नाही. निर्णय तुमचा, मात्र मुलीशी बोला. घाई करू नका.

तर हे बोलणं.

मला नुसतं चालवणारं मशीन हवं आहे. जगायचं आहे मला, त्याबद्दल शंका नको. हापूस अजून महाग आहे, उतरायची वाट बघतेय. सिद्धम्माच्या नातीचं, आरोहीचं, दिवाळीत लग्न आहे, तिला मी माझी इरकल द्यायची ठरवली आहे. गोळ्या वेळेवर घेईन, मीठ सोडलंय ते सोडलंय, डबा उशाशी ठेवीन, आणि त्याने काय हव्या त्या चुगल्या कराव्यात. आहे तितकी वाट मी चालेन, कुरकुर करीन पण चालेन. फक्त गाडी आली की मला बसू द्यावं. खाली ओढू नये.

एवढं लिहून मघापासून पेन हातात धरून बसले आहे. गच्चीवर आता वारा सुटलाय. सिद्धम्मा कुरडया डब्यात भरतेय, तुझ्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्यात. मला विचारतेय, ‘एवढं काय लिवताय ओ लेकीला? फोन लावा की सरळ.’

शिवू, डॉक्टरांनी निर्णय तुमचा म्हटलं, पण मला तो एकटीने घ्यायचा नाही. तुला विचारल्याशिवाय मी सही करणार नाही. ‘तुला हवं ते कर’ असं म्हणू नकोस, तो राग असतो, तो मला तुझ्या लहानपणापासून माहीत आहे. नुसत्या चालवणाऱ्या मशीनला हो म्हण, नाहीतर नाही म्हण. हो म्हणालीस, तर मग गाडी येईल त्या दिवशी, अव्वासाठी कुणी काही केलं नाही, असं तू वाटून घ्यायचं नाही. कुणी काही करायचं नाही हे आपण दोघींनी मिळून ठरवलेलं असेल.

आणि नाही म्हणालीस, तर मी तेच जुन्यासारखं मशीन बसवून घेईन. तोंडातून ब्र काढणार नाही. तुझ्यासाठी लाथा खाईन, तेवढी ताकद माझ्यात अजून आहे. पण मग एक कर. मला ओढून परत आणायचं असेल, तर जिथं परत आणतेस तिथं तू अस. डोळे उघडले की मला तू दिसली पाहिजेस. हॅम्बर्गहून फोनवर रडणारी नको, इथं, माझा हात धरलेली.

दोन्हीपैकी जे तुला झेपेल ते कळव. मी मानीन.

तुझ्या शब्दाबाहेर नसलेली,
अव्वा